वाचक विचारतात : जगातला सगळ्यात मोठा गरुड नेमका कोणता?

या महिन्याची पत्रं उघडली तर पाच जणांनी गरुडावरच विचारलेलं. मग म्हटलं हे अख्खं सदर यावेळी गरुडालाच देऊन टाकू, बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की देतो.

प्रश्न : आमच्या गावात पारावर दोन महिन्यापासून एकच वाद चालू हाय. माया मोबाईलवर मेसेज आला का जगातला सगळ्यात मोठा गरुड म्हंजे हार्पी. पोराच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात फिलिपिन्सचा गरुड लिहेल हाय. अन् पुतन्या म्हनते, नाही, रशियातला स्टेलर नावाचा हाय. तिघंही खरं कसे राहतीन? एकदाचं सांगून द्या. (शेतकरी वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : भाऊ, तिघांचंही खरं आहे. बैलबाजारात जोडी बघायला गेलं की एकजण उंची बघतो, दुसरा छातीचा घेर बघतो, तिसरा खाली बसून खूर तपासतो, अन् तिघंही वेगवेगळ्या बैलावर बोट ठेवतात, तसंच हे झालंय. गरुड मोजायच्या तीन-चार रीती आहेत आणि दरवेळी पहिला नंबर दुसऱ्याचाच येतो.

वजनानं बघायचं तर तुमचा पुतण्या जिंकला. स्टेलरचा समुद्रगरुड रशियाच्या पार पूर्व टोकाला, कामचटका आणि ओखोत्स्क समुद्राच्या काठानं घरटी करतो, हिवाळ्यात त्यातले बरेच जपानच्या होक्काइडो बेटाकडे उतरतात आणि समुद्रात वाहत आलेल्या बर्फाच्या लाद्यांवर बसून मासे खातात. मादी साधारण ७ ते ९ किलो, नर ५ ते ६ किलो. अंग काळपट, खांदे आणि शेपटी पांढरीशुभ्र, आणि चोच अशी जाड अन् पिवळीधम्मक की दुरून आधी चोचच दिसते. बहुतेक गरुडांच्या शेपटीत १२ मोठी पिसं असतात, याच्या शेपटीत १४ असतात. जपानी लोक त्याला ओ-वाशी म्हणतात, म्हणजे सरळसरळ 'मोठा गरुड'. स्टेलर हे नाव मात्र माणसाचं आहे, १७४१ साली बेरिंगच्या जहाजावरून अलास्कापर्यंत गेलेला निसर्ग अभ्यासक गेऑर्ग स्टेलर, त्याच्यावरून पडलंय.

आता ९ किलो म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा. पाण्याची २० लिटरची कॅन असते ना, ती अर्ध्याला जरा कमी भरा आणि एका हातानं उचलून बघा. आणि तुमच्या तालुक्यात तर याहून चांगलं माप उभं असते, धानाच्या बांधीत फिरणारा सारस. पाच फुटाच्या वर उंच असलेला तो सारससुद्धा सहा-सात-आठ किलोच्याच घरात भरतो. म्हणजे सारसाचं सगळं वजन त्या लांबलचक माना-पायातून काढून छातीत, पंज्यात अन् चोचीत ठासून भरलं तर जे होईल ते स्टेलर.

लांबीनं बघाल तर पोराचं पुस्तक बरोबर. पक्ष्याची लांबी म्हणजे चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीवर निजवून मोजतात. फिलिपिन्सचा गरुड यात साधारण १ मीटर भरतो, मादी त्याहून जरा जास्तच. हार्पी आणि स्टेलरमधला एखादा नग याच्याही पुढे जातो, पण सरासरी काढली की हाच लांब. वजन मात्र ४.७ ते ८ किलो, म्हणजे काट्यावर स्टेलरच्या मागे. हा पक्षी सगळ्या जगात फक्त फिलिपिन्सच्या चार बेटांवर आहे, लुझोन, समार, लेते आणि मिंदानाव. डोळे निळसर राखाडी, डोक्यावर लांब पिसांचा झुबका, वारा लागला की तो सिंहाच्या आयाळीसारखा फुलतो. आधी त्याला माकडखाऊ गरुड म्हणायचे, १९७८ मध्ये तिथल्या सरकारनं नाव बदलून फिलिपिन्स गरुड केलं आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय पक्षी. जोडी दोन वर्षातून एकदा एकच अंडं घालते, त्यात जंगल तुटत चाललं, म्हणून आज तो नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे. पिंजऱ्यात पहिलं पिल्लू १९९२ मध्ये जन्माला घातलं, त्याचं नाव पाग-आसा ठेवलं, म्हणजे 'आशा'. ते पिल्लू मोठं होऊन २०२१ च्या जानेवारीत गेलं. हे वाचलं तेव्हा मला खरंच घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

आणि तुमचा मेसेज? पंज्याचं विचाराल तर तोही खरा. हार्पी गरुड मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात राहतो, पनामा देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे, मादी ६ ते ९ किलो. म्हणजे वजनातही स्टेलरला खेटूनच. पण त्याची खरी गोष्ट पायात आहे. नळी लहान पोराच्या मनगटाएवढी जाड आणि मागच्या बोटाची नखी सरळ मोजली तर साधारण साडेआठ सेंटीमीटर, वळणावरून फीत फिरवली तर आणखी भरते. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांनी अस्वलाचा पंजा मातीत उमटलेला पाहिला असेल, त्या अस्वलाची नखंही याच मापाच्या आसपास. या पंज्यानं तो झाडावरची माकडं आणि स्लॉथ नावाचा अत्यंत सुस्त प्राणी फांदीवरून उपटून नेतो.

मेसेजमध्ये बहुतेक १२ किलोचा आकडा असेल. तो पिंजऱ्यात ठेवलेल्या एका मादीचा आहे, १२.३ किलो भरली होती म्हणतात. बांधून खाऊ घातलेला बैल आणि वखराला जुंपलेला बैल यांचं वजन आपण एका रांगेत धरतो का? तसंच तो आकडा जंगलातल्या पक्ष्यांच्या रांगेत धरू नका.

राहिली चौथी रीत, पंखांचा पसारा, आणि सगळा घोळ इथंच होतो. मागच्या वर्षी धानकापणीच्या दिवसात आमच्या घरामागच्या बांधावर विजेच्या तारेला लागून एक घार मरून पडली होती. वनरक्षकाला फोन केला, तो येईपर्यंत तासभर ती ओसरीवर चुंगडीवर ठेवली. बायकोचा शिलाई मशीनचा टेप आणला, शेजारच्या किराणा दुकानातला काटा आणला. काट्यावर ६५० ग्रॅम. तीनदा ठेवली, तीनही वेळा तेवढीच. मग मी एक पंख धरला, पोरानं दुसरा धरला, सहज पसरून मोजलं तर १ मीटर ३५ सेंटीमीटर, पोरगा म्हणाला बाबा अजून येते, थोडं ताणलं तर १ मीटर ४१. पक्षी तोच, टेप तोच, आणि सहा सेंटीमीटर नुसत्या ओढण्यात वाढले! तेव्हापासून पंखांच्या पसाऱ्याचा कुठलाही विक्रम वाचला की मी आधी विचार करतो की धरणाऱ्यानं किती ओढलं असेल.

ऑस्ट्रेलियात वेज-टेल्ड म्हणजे पाचरीसारख्या शेपटीचा गरुड आहे, त्यातल्या एका मादीचा पसारा २.८४ मीटर होता अशी १९३१ ची टास्मानियातली नोंद सगळीकडे छापली जाते. पण त्याच काळात तिकडं ४३ पक्षी मोजले तर सरासरी आली २.०४ मीटर. एवढा फरक बघून ज्यानं त्यानं ठरवावं. मी तरी सरासरीकडे बघतो, आणि त्यात पुढे आहेत समुद्रावरचे दोघे भाऊ, स्टेलर आणि युरोप-आशियातला पांढऱ्या शेपटीचा गरुड, दोघांचेही मोठे पक्षी २.४५ मीटरपर्यंत जातात. विहिरीचा दोर आपण वावानं मोजतो ना, दोन हात पसरून, त्या हिशेबानं जवळजवळ दीड वाव. हार्पीचे पंख मात्र त्याच्या अंगाच्या मानानं आखूड, पावणेदोन ते सव्वादोन मीटर, फिलिपिन्सच्या गरुडाचंही तेच. कारण साधं आहे, दाट झाडीतून वळणं घेत उडायचं असेल तर लांब पंख फांद्यांना अडकतात, तिथं आखूड रुंद पंख आणि वळायला लांब शेपटी लागते. समुद्रावर वारा मोकळा, तिथं लांब पंख पसरून तरंगता येते. आपल्याकडेसुद्धा जंगलातली बैलगाडी अन् हायवेवरचा ट्रक एका मापाचे नसतातच.

एवढं सगळं सांगूनही पारावर एकच नाव लागत असेल तर मी स्टेलर म्हणीन. वजनात सगळं अंग येते, ते ताणून वाढत नाही. फक्त पक्षी उपाशी होता की पोटभर मासे खाऊन बसला होता, तेवढा फरक पडतो, गळ्याच्या थैलीतच एखादा किलो माल असू शकतो.

प्रश्न : माझ्याकडे २२ बकऱ्या आहेत, आता नवी पिल्लं झालीत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, बगिच्यात बसलेल्या लहान लेकराला गरुड उचलून नेतो. सासूबाई म्हणतात पिल्लं बाहेर सोडूच नको. गरुड खरंच बकरी नेतो का? (शेळीपालक ताई, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तो व्हिडिओ खोटा आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या माँट्रियाल शहरात ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरवर बनवला होता, गरुडही खोटा अन् हवेत उचललेलं लेकरूही खोटं, आणि त्यांच्या कॉलेजनं लगेच तसं सांगूनही टाकलं होतं. इतकी वर्षं झाली तरी तो फिरतोच आहे, आणि आयांचा जीव उगाच खालीवर होतो.

गरुड किती उचलतो याचा मोठा हिशेब नाही. साधारण स्वतःच्या वजनाच्या अर्ध्यापर्यंत तो आरामात नेतो, वारा चांगला असला, उंचावरून सुटला, तर कधी आपल्या वजनाइतकंही नेतो, त्याच्यापुढे शिकार जागेवरच फाडून खातो किंवा तुकडे करून नेतो. हार्पीसारखा राक्षसही जमिनीवरून १० किलोचं काही घेऊन उडू शकत नाही. बकरीचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या दोन-सव्वादोन किलो असते. तुमच्या भागात जे गरुड बारा महिने दिसतात, तुरेवाला सर्पगरुड, सापमार गरुड, हे स्वतःच दीड-दोन किलोच्या आसपासचे, आणि त्यांचं सगळं लक्ष सापावर, सरड्यावर. तुमच्या बकऱ्यांपेक्षा धुऱ्यावरचा साप त्यांना जास्त हवा. खरं म्हणजे ते शेतावर आले तर आनंद माना.

पिल्लांना धोका आहे तो गावातल्या मोकाट कुत्र्यांचा, कोल्ह्याचा, लांडग्याचा, आणि जंगल जवळ असेल तर बिबट्याचा. कोंबडीची बारकी पिल्लं मात्र घार आणि शिकरा नेतात, हे सासूबाईंनी पाहिलेलं असणारच, त्यांची भीती तिथून आली असेल. त्याला उपाय घरचाच आहे, तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या आडव्या टाकून अंगणात कमरेएवढा मांडव करा, वरून झडप घालायला जागाच उरत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : सर, मी आठवीत आहे. पक्ष्यात मोर मोठा असतो आणि लांडोर लहान, कोंबडा मोठा असतो आणि कोंबडी लहान. मग गरुडात मादी मोठी असं का लिहितात? (विद्यार्थिनी, ता. सेलू, जि. वर्धा)

उत्तर : बेटा, प्रश्न फार छान विचारलास. शिकारी पक्ष्यांमध्ये बहुतेक उलटंच असते. हार्पीत नर ४ ते पावणेपाच किलो आणि मादी ६ ते ९, म्हणजे कधी कधी जवळजवळ दुप्पट. घरट्यात अंड्यावर बहुतेक वेळ मादी बसते, पिल्लांची राखण ती करते, तेव्हा मोठं अंग ऊब द्यायलाही कामाचं आणि शत्रूला हाकलायलाही. नर त्या दिवसात शिकार आणतो, तो हलका असला की झपकन वळतो, लहान चपळ शिकार त्याला साधते. शिवाय दोघांची मापं वेगळी असली की दोघं वेगवेगळी शिकार पकडतात, एकाच जंगलात दोघांचं भागते. अशी कारणं अभ्यासक देतात. आणि म्हणूनच कोणी तुला गरुडाचं वजन सांगितलं की आधी विचारायचं, नराचं की मादीचं? हा प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत, तू विचार.

प्रश्न : आम्ही जंगलात मजुरी करायचो तेव्हा गिधाडं थव्यानं पाहिली. ती तर गरुडापेक्षा थोर दिसायची. मग सगळ्यात मोठा गिधाडच नाही का? (वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली)

उत्तर : काका, तुमची नजर बरोबर आहे. गिधाड मोठंच. उत्तर भारतात हिवाळ्यात येणारं काळं गिधाड ७ ते १४ किलो भरते आणि पंख अडीच ते तीन मीटर, त्याच्यापुढे स्टेलरही लहान. पण गिधाड गरुडात धरत नाहीत. गरुड पंज्यानं मारतो, त्याची नखं आकड्यासारखी वळलेली असतात. गिधाडाचे पाय मेलेल्या ढोराभोवती चालायला बनलेले, नखं बोथट, पकड कमी.

तुम्ही पाहिलेले ते थवे गेले कारण ढोरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक औषध. ते ढोर मेल्यावर गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी निकामी व्हायची. जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही बंद झालं. घरी ढोर आजारी पडलं तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्या म्हणून सांगा, त्यानं गिधाडाला काही होत नाही. मी गावोगाव हे सांगत असतो, तुम्हीही चार घरी सांगाल अशी विनंती आहे.

प्रश्न : आजपर्यंत पृथ्वीवर होऊन गेलेला सगळ्यात मोठा गरुड कोणता? तो माणसाला उचलत असेल काय? (वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : न्यूझीलंडचा हास्टचा गरुड. मादी १० ते १५ किलो, म्हणजे आजच्या सगळ्यात भारी स्टेलरच्या जवळजवळ दीडपट. १८७१ मध्ये तिथल्या ग्लेनमार्क नावाच्या जागी दलदल खोदताना त्याची हाडं निघाली, युलियस फॉन हास्ट या शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन लिहिलं म्हणून हे नाव. न्यूझीलंडात तेव्हा वटवाघूळ सोडलं तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हतेच, वाघ नाही, लांडगा नाही, हरीण नाही. हरणाच्या जागी होता मोआ, शहामृगासारखा न उडणारा पक्षी, त्यातले मोठे तर २०० किलोच्या वर. आणि वाघाच्या जागी हा गरुड! मोआच्या कंबरेच्या हाडांवर त्याच्या नखांची भोकं सापडली आहेत, म्हणजे बाजूनं झडप घालून कंबर धरायची आणि तिथंच लोळवायचं. उचलून नेत नव्हता, २०० किलो कोण उचलणार, मारून जागेवर खायचा. मोठ्या माणसाला घेऊन उडणं त्यालाही जमलं नसतं. माओरी लोकांच्या कथांमध्ये मात्र माणसं मारणारा पौआकाई नावाचा पक्षी आहे, आणि तो हाच असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

माओरी तिथं तेराव्या शतकाच्या सुमारास पोचले, त्यांनी शे-दोनशे वर्षात मोआ खाऊन संपवले, मोआ संपले तसा गरुडही उपाशी मेला. साधारण १४०० च्या आसपास तो नाहीसा झाला. वाघाचं जंगल राहिलं आणि चितळ, सांबर संपले तर काय होईल, ते तिथं खरोखर घडून गेलंय.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. २००५ मध्ये त्या हाडातला डीएनए तपासला. सगळ्यांना वाटायचं हा ऑस्ट्रेलियाच्या त्या मोठ्या वेज-टेल्ड गरुडाचा भाऊबंद असेल. निघाला भलताच. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा लिटल ईगल आणि आपला बूटेड ईगल, दोघंही गरुडांच्या बिरादरीत सगळ्यात लहान, साधारण पाऊण ते एक किलोचे. म्हणजे लहान गरुडाचं कुळ एका बेटावर जाऊन पोचलं, तिथं खायला एवढे मोठे पक्षी आणि भांडायला कोणी नाही, आणि अंग दहापटीनं वाढलं.

तो बूटेड ईगल दरवर्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो. मोर्शीत अप्पर वर्धा धरणाच्या अंगानं, तूर उभी असलेल्या शेतांवरून, घारींच्या घिरट्यांमध्ये मिसळून तो फिरतो, आकारही घारीएवढाच, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. घारीची शेपटी मधोमध खाचेची असते, याची सरळ कापल्यासारखी. पायांवर बोटांपर्यंत पिसं, मोजे घातल्यासारखी. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे तो समोरून येत असेल तेव्हा मानेच्या दोन्ही बाजूला, पंख जिथं अंगाला लागतो तिथं, एक एक पांढरा ठिपका दिसतो, दुरून येणाऱ्या मोटरसायकलला दोन बारके लाईट लावल्यासारखा. डिसेंबरात सकाळी दहाच्या पुढे, ऊन तापून घारी वर चढायला लागल्या की धुऱ्यावर उभं राहून बघा, आणि दिसला तर तारीख अन् गाव लिहून मला नक्की पाठवा.